मोबिलिटी स्कूटर सुरूच होत नसेल तर: नवी बॅटरी घेण्याआधीची तपासणी

चालणे अवघड झालेल्यांसाठीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या मोबिलिटी स्कूटरची चावी फिरवली, पण दिवा लागला नाही आणि बीपही वाजला नाही, की बहुतेक घरांत ‘बॅटरी गेली’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो आणि नव्या जोडीचे पैसे मोजले जातात. दोष मात्र पुष्कळदा ब्रेकरच्या (जास्त करंट आल्यास वीज तोडणाऱ्या स्विचच्या) बाहेर आलेल्या बटणात, सैल झालेल्या कनेक्टरमध्ये किंवा चार्जरपर्यंत न पोहोचणाऱ्या विजेत असतो. ज्या व्यक्तीचे घराबाहेर पडणेच या वाहनावर अवलंबून आहे, तिला विनाकारण आठवडाभर घरात बसावे लागू नये, यासाठी तपासणी घाईने न करता क्रमाने करावी.

स्कूटर पूर्णपणे मृतवत आहे, की दिवा लागतो पण ती हलत नाही, हे आधी ठरवावे, कारण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दिवा लागत असेल तर मागच्या चाकांजवळचा फ्रीव्हीलचा (गाडी हाताने ढकलता यावी म्हणून चाके मोकळी करणारा) लिव्हर ‘ड्राइव्ह’च्या बाजूला आहे का आणि चार्जरची पिन अजून लागलेली नाही ना, हे पाहावे, चार्जर जोडलेला असताना बहुतेक स्कूटर मुद्दामच चालू दिल्या जात नाहीत. दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर ते लुकलुकणे मोजून पुस्तिकेतील तक्त्याशी पडताळावे. फ्रीव्हीलमध्ये गाडीचा विद्युत ब्रेक सुटलेला असतो, त्यामुळे उतारावर, विशेषतः सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर, लिव्हरला हात लावू नये आणि तपासणी चालू असताना स्कूटरवर कोणालाही बसवू नये.

काहीच लागत नसेल तर चावी बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा फिरवावी. अनेक कंट्रोलर (मोटारीला मिळणारी वीज नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक भाग) बराच वेळ हालचाल झाली नाही की आपोआप झोपी जातात आणि चावी बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय जागे होत नाहीत. त्यानंतर ब्रेकरचे बटण शोधावे. ते बहुधा आसनाखाली, मागच्या बाजूस किंवा बॅटरीच्या खोक्यावर असते. बटण बाहेर आले असेल तर मिनिटभर थांबून दाबावे. ते लगेच पुन्हा बाहेर आले तर कोठेतरी तार शॉर्ट होत आहे असे समजून तेथेच थांबावे. बटण दाबून धरणे किंवा उडालेल्या फ्यूजच्या जागी साधी तार बांधणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे. उचलून काढता येणारी बॅटरी असेल तर ती काढून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावी. घडी होणाऱ्या स्कूटरमध्ये हँडलच्या दांड्यातून खाली येणारी वायर घडीच्या जागी वारंवार वाकते, म्हणून तेथील कनेक्टर अवश्य पाहावा.

आता चार्जर. पुण्यातील अनेक सोसायट्यांत पार्किंगच्या सॉकेटला वेगळी एमसीबी असते आणि ती कोणी बंद केली तर वरच्या मजल्यावर पत्ताही लागत नाही. रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी सकाळी रिकामी निघण्याचे हे अगदी साधे कारण आहे. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून खात्री करावी. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असल्यास तेही हिशेबात धरावे. वीज येत असेल तर चार्जरचा दिवा काय सांगतो ते नीट पाहावे. लाल किंवा केशरी दिवा कित्येक तास टिकून मग हिरवा झाला, तर बॅटरी निदान करंट घेत आहे. स्कूटर आदल्या दिवशी भरपूर चालूनही चार्जर लावताक्षणी दिवा हिरवाच लागला, तर चार्जरला बॅटरी दिसतच नाही: मधला फ्यूज, ब्रेकर किंवा जोड तुटलेला आहे, अथवा बॅटरी इतकी उतरली आहे की चार्जर तिला ओळखत नाही. दिवा लागलाच नाही तर चार्जर संशयास्पद ठरतो. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे: काही चार्जर समोर बॅटरी असल्याशिवाय व्होल्टेज सोडतच नाहीत, त्यामुळे सुट्या पिनेवर मल्टीमीटरने (व्होल्टेज मोजण्याच्या मीटरने) शून्य दाखवले म्हणून चार्जर फेकून देऊ नये.

पुढचे काम मल्टीमीटरशिवाय होत नाही. साधा डिजिटल मीटर आणि योग्य अँपिअरचा फ्यूज बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळतो. जुना फ्यूज नमुन्याला बरोबर न्यावा. बहुतेक स्कूटर 24 व्होल्टवर चालतात आणि त्यांत 12 व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. झाकण उघडण्यापूर्वी चावी बंद करून चार्जर काढावा, हातातील अंगठी, बांगड्या व धातूचे घड्याळ उतरवावे आणि वायरींचा फोटो काढून ठेवावा. 24 व्होल्टचा झटका सहसा बसत नाही, परंतु पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर तो क्षणात लालभडक होतो.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवून प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी. चार्जिंगनंतर काही तास विसावलेली चांगली बॅटरी 12.7 व्होल्ट किंवा थोडे अधिक दाखवते, 12.2च्या आसपास ती निम्मी असते आणि 11.8च्या खाली रिकामीच म्हणावी. एक 12.8 आणि दुसरी 10.6 असा फरक निघाला तर दुसरीतील सहा सेलपैकी एक गेला असण्याची दाट शक्यता आहे, कारण एका सेलचे व्होल्टेज साधारण 2.1 असते. दोन्ही आकडे उत्तम असूनही स्कूटर मृतवत असेल, तर मीटर जोडलेला ठेवून चावी फिरवावी. आकडा झपकन खाली आला तर बॅटरी आतून बसलेली आहे. तो स्थिर राहिला तर बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंतच्या वाटेवर, म्हणजे फ्यूज, जोड आणि चावीच्या स्विचमध्ये, खंड शोधावा. पावसाळ्यात टर्मिनलवर पांढरी आणि तांब्याच्या पिनांवर हिरवट पूड धरते. बॅटरीच्या वायरी सोडवून, आधी ऋण टोक काढून, ती पूड कोरड्या ब्रशने झाडावी, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्यावे आणि जोड घट्ट बसवावेत.

आईवडील सहा-सहा महिने परदेशी मुलांकडे राहायला जातात, अशा घरांतील स्कूटर परतल्यावर हमखास बंद सापडते. उभी असतानाही लेड-ॲसिड बॅटरी हळूहळू उतरते, उन्हाळ्यात अधिक वेगाने उतरते, आणि रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होतो. जाण्यापूर्वी ती पूर्ण भरावी आणि शेजाऱ्यांना महिन्यातून एकदा रात्रभर चार्जर लावण्याची विनंती करावी. लिथियमची बॅटरी असेल तर आतील संरक्षक सर्किटने ती तोडलेली असू शकते आणि तिचाच चार्जर लावल्यावर ती पुष्कळदा जागी होते. तिचे खोके घरी उघडू नये आणि तिला लेड-ॲसिडचा चार्जर कधीही लावू नये. मोटारीच्या बॅटरीवरून स्कूटर सुरू करण्याचा प्रयोगही टाळावा.

बॅटऱ्या खरोखरच गेल्या असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीच्या व क्षमतेच्या घ्याव्यात, कारण नव्याच्या जोडीला जुनी लावली की जुनी नवीलाही लवकर बसवते. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याकडेच परत द्याव्यात. त्यांतील शिसे व आम्ल कचऱ्यात जाता कामा नये. बॅटरी, फ्यूज, जोड आणि चावी चारही ठीक असून दिवा लागत नसेल तर दोष कंट्रोलरमध्ये असू शकतो आणि तो उघडणे तंत्रज्ञावर सोपवावे. त्याला फोन करताना दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे, चावी फिरवतानाचा आकडा आणि चार्जरच्या दिव्याचा रंग सांगावा, म्हणजे तो योग्य सुटा भाग घेऊन पहिल्याच फेरीत येऊ शकेल.