वाकळ शिवणाऱ्या हातांना सिद्दींची कवंदी

कोल्हापुरात जुन्या कापडांच्या ज्या गोधडीला वाकळ म्हणतात, तिची एक बहीण कर्नाटकातल्या उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, अंकोल्याच्या रानात शिवली जाते: सिद्दी बायकांची कवंदी. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली माणसं तिथून निसटून घाटातल्या जंगलात वसली. इथले बहुतेक सिद्दी त्यांचेच वंशज. वाकळ येत असेल तर कवंदी अवघड नाही, फक्त एक सवय मोडावी लागते.

तळाला जुनं सुती लुगडं घ्या. दोन-दोन मीटरचे दोन तुकडे लांब कडांनी शेजारी-शेजारी जोडले की दोघांपुरती होते. जरीचे काठ आधी काढा, अंगाला टोचतात. वरच्या ठिगळांना जुने सदरे, परकर, झंपर चालतात. सगळं कोमट पाण्यातून एकदा काढून वाळवा. नवं कापड तसंच लावलं तर पहिल्या धुण्यात तेवढंच आटतं आणि भोवती चुण्या पडतात. टेरिकॉट नकोच, सुईला जड जातं.

आता ती सवय. सगळी ठिगळं आधी मांडून, टाचून घ्यायची नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरुवात करा. तळाची कड आत दुमडून तिच्यावर पहिलं ठिगळ ठेवा, त्याच्या कडा पाव इंच आत घाला आणि जाड पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घाला. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. मग शेजारचं ठिगळ. असं चारी कडांनी फिरत फिरत मध्याकडे यायचं. प्रत्येक फेरीला तळाचं कापड तळहाताने मध्याकडे सारखं करायचं. ढिलं कापड असं पुढे सरकतं आणि पुढच्या ठिगळाखाली मावतं. मधून सुरू केलंत तर तेच कडेला फुगून बसतं. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. ओढून तर मुळीच शिवू नका. चुणी दिसली तर तेवढी ओळ उसवा, ताणून ती जात नाही.

रंग जुळवत बसू नका. लाल सदऱ्याशेजारी हिरवा परकर आला तरी पांढरे टाके सगळं एकत्र धरतात, कवंदीची खरी नक्षी तीच. मुस्लिम घरांत कधी चंद्रकोर, ख्रिस्ती घरांत क्रूस ठिगळातून येतो.

शेवटी चारी कोपऱ्यांना फुलं: चार बोटांचे चौकोन दोनदा दुमडून त्रिकोण करा, दोन-तीन रंगांचे एकावर एक ठेवून कोपऱ्यावर पक्के शिवा. फुलांशिवायची कवंदी सिद्दी बायका उघडी समजतात. आणि विकायला काढलीत तर सिद्दींच्या नावावर खपवू नका.