जुन्या शॉपिंग साइटवरचा पत्त्याचा फॉर्म सोपा करण्यासाठी

जुन्या प्रणालीवर चालणाऱ्या ऑनलाइन दुकानात मोबाइलवरून पिनकोड भरताना अक्षरांचा कीबोर्ड उघडतो आणि ग्राहक वैतागतो. हे टाळण्यासाठी सर्व्हरवरील कोडला हात लावावा लागत नाही.

१. फॉर्मच्या एचटीएमएलमध्ये (वेबपानाची रचना सांगणाऱ्या मजकुरात) पिनकोडच्या रकान्याला ‘इनपुटमोड’ हा गुणधर्म जोडून त्याचे मूल्य ‘न्यूमेरिक’ ठेवावे, म्हणजे थेट आकड्यांचा कीबोर्ड येतो.

२. त्याच रकान्याला ‘ऑटोकम्प्लीट’ जोडून ‘पोस्टल-कोड’ हे मूल्य द्यावे. नाव, फोन व पत्त्याच्या ओळींनाही आपापली मूल्ये दिली, की ब्राउझरमध्ये जतन केलेला पत्ता एकदम भरता येतो, आणि खरी बचत इथेच आहे.

रकान्याचे ‘नेम’ (एचटीएमएलमधले त्याचे नाव) मात्र ‘टीएक्सटी७’ असे कितीही विचित्र असले तरी बदलू नये, कारण सर्व्हरवरील जुना कोड त्याच नावाने माहिती उचलतो.