डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर झाली? कोर्टात जाण्याआधी या चुका टाळा

देवळाली कॅम्प, भगूर, नाशिकरोड या पट्ट्यात माजी सैनिकांची घरं भरपूर, आणि डिसॅबिलिटी पेन्शन (नोकरीमुळे आलेल्या किंवा वाढलेल्या अपंगत्वाची पेन्शन) नाकारल्याची पत्रं घेऊन फिरणारेही भरपूर. फाईल उघडली की चुका त्याच. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहितोय.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे अपिलात रडगाणं गाणं. सिन्नरकडच्या एका हवालदाराचं सांगतो. रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, त्याचं ब्लड प्रेशरमुळे आलेलं अपंगत्व ३० टक्के धरलं, पण शेरा मारला ‘एनएएनए’, म्हणजे आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि वाढलेलाही नाही. कारण काय, तर आजार पीस स्टेशनमध्ये, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत पोस्टिंगवर, सुरू झाला. एवढी एकच ओळ. याने टायपिंगवाल्याकडून लष्कराकडे करायचं फर्स्ट अपील लिहून घेतलं. मुलींची लग्नं, सोसायटीचं कर्ज, कोरडवाहू जमीन, सगळं आलं. त्या ओळीबद्दल मात्र एक अक्षर नाही. ते फेटाळलं गेलं. सेकंड अपिलात तोच मजकूर, फक्त तारीख नवी.

“पीस स्टेशनच्या आधी कुठे होतात?” मी विचारलं.

“काश्मीरला, कुपवाड्यात, राष्ट्रीय रायफल्समध्ये. तिथून येऊन चारच महिने झाले होते, साहेब.”

“मग हे लिहिलं का नाही?”

“त्यांना माहीत असेलच की!”

कागदावर नाही ते कुणालाच माहीत नसतं. सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात स्पष्ट सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तंदुरुस्त होता असं धरायचं, संशयाचा फायदा त्याला द्यायचा आणि बोर्डाने कारणं द्यायची. आजार नोकरीशी संबंधित नाही हे दाखवायचं ओझं सरकारवर. अपिलात हे हवं होतं. पुढे मुंबईच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणात हेच मांडलं आणि दावा मंजूर झाला. राउंडिंग ऑफ होऊन, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेऊन, ३० चे ५० टक्केही झाले. पण सेकंड अपील गेल्यावर हा गडी कंटाळून काही वर्षं गप्प बसला होता, त्याची किंमत मोजावीच लागली. २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे उशिरा येणाऱ्याला थकबाकी सहसा अर्जाच्या मागच्या तीनच वर्षांची मिळते.

माझी सवय अशी. एका कोऱ्या कागदावर डावीकडे पोस्टिंग तारखांसकट, उजवीकडे आजाराची पहिली नोंद आणि मेडिकल कॅटेगरी (तंदुरुस्तीची श्रेणी) कधी बदलली ते. निम्मं अपील तिथेच तयार होतं. पण यासाठी बोर्डाची पूर्ण कार्यवाही आणि भरतीच्या वेळचं मेडिकल हातात लागतं. ते माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा. यात वेळ जातो, आणि लोकांना नेमका तोच द्यायचा नसतो. रेकॉर्ड ऑफिस आपल्या रेजिमेंटचं बरं का! तोफखान्याचं नाशिकरोड कॅम्पला आहे, पण म्हणून मराठा लाइट इन्फंट्रीवाल्याने जवळ पडतं म्हणून तिथे अर्ज टाकायचा नाही. त्याचं बेळगावला.

अपील न करता थेट न्यायाधिकरणात धावू नका, आधीचे मार्ग संपवावे लागतात. अपिलावर सहा महिने उत्तर आलं नाही तर जाता येतं. अंतिम नकार मिळाल्यापासूनही सहाच महिने. ते टळले तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडा.

मुदत पूर्ण करून निवृत्त झालात आणि बोर्डाने २० टक्क्यांपेक्षा कमी लावलंय? मग ही पेन्शनच बसत नाही, म्हणून तुमचं भांडण आधी टक्केवारीशी.

व्हॉट्सॲपवरचा तयार मसुदा उतरवू नका. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. जुन्या नियमांचा हवाला देऊन भरलेला अर्ज वाचवत नाही. आणि थकबाकीत टक्का मागणारा एजंट दिसला तर रस्ता बदला.

निकाल बाजूने लागला की लगेच ट्रॅक्टर बुक करणारेही पाहिलेत. २०२३ च्या परशोत्तम दास निकालानंतर न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात जाण्याची वाट मोकळी आहे, तुम्हालाही आणि सरकारलाही. तेव्हा आदेशाची प्रमाणित प्रत रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती फाईलला लावा. दिलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर अंमलबजावणीचा अर्ज त्याच न्यायाधिकरणात करायचा.