गोव्यात पोकर फेस्टिव्हलला जायचंय? आधी हे बघा

पणजीत मांडवीवर डेल्टिन रॉयलसारख्या कसिनो जहाजांवर पोकर सिरीज, म्हणजे ओळीने अनेक स्पर्धांचे फेस्टिव्हल होतात, पहिल्यांदा जाणार असाल तर आधी शेड्यूल उघडा, तिकीट बिकीट नंतर. मेन इव्हेंटला, म्हणजे सिरीजमधल्या मुख्य स्पर्धेला, बहुतेकदा डे 1ए, 1बी असे वेगवेगळे सुरुवातीचे दिवस असतात, त्यातला पहिला धरा, म्हणजे चिप्स संपून उडालात तरी पुढच्यात परत बसता येतं (री-एन्ट्री, म्हणजे पुन्हा पैसे भरून प्रवेश, आहे का ते मात्र बघून घ्या). परतीचं तिकीट फायनलनंतरचं काढा, नाहीतर टिकून पुढच्या टप्प्याला, डे 2 ला पोचलात आणि संध्याकाळी ट्रेन आहे, मग काय करणार?

आता पैसे. बाय-इन (प्रवेशाचे पैसे) 15 हजार म्हणजे खर्च 15 हजार नाही हो, दोन री-एन्ट्री धरल्या की 45 झाले, वर हॉटेल, खाणं, टॅक्सी. साधारण शंभरातले 85 जण तरी रिकाम्या हातानेच उठतात, त्यामुळे सगळे गेले तरी घरचा हप्ता अडणार नाही एवढेच न्या. बजेट कमी असेल तर सॅटेलाइट, म्हणजे छोटी पात्रता स्पर्धा खेळा, स्वस्तात मेन इव्हेंटची सीट मिळू शकते.

वय 21 पूर्ण पाहिजे, ओरिजिनल आयडी ठेवा. ट्रेनने येणाऱ्यांना पणजीसाठी करमळी स्टेशन जवळ पडतं, मडगावपर्यंत जायची गरज नाही. एसीत दहा-बारा तास बसायचंय तर जॅकेट घ्याच. आणि मोठं बक्षीस लागलं तर 30 टक्के टीडीएस आधीच कापला जातो, पॅन कार्ड सोबत असू द्या.