बी.ए. अर्थशास्त्र: गणित आधी, बाकी मग

प्रवेशाच्या दिवशी विषय निवडायला मला जेमतेम पाच मिनिटं लागली. काटोलहून सकाळच्या एसटीने बाबांसोबत नागपूरला आले होते. रांग लांब होती. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "अर्थशास्त्रासोबत काय?" मागे उभ्या असलेल्या एका दादाने सांगितलं, "मराठी साहित्य आन् राज्यशास्त्र घेऊन टाक, दोन्ही पेपर आरामात निघतात." मी तेच लिहिलं. बारावी कला शाखेतून झालेली, गणित दहावीनंतर सुटलेलं, आणि ते सुटल्याचा तेव्हा आनंदच होता.

त्या पाच मिनिटांचा हिशेब तीन वर्षांनी चुकता करावा लागला. एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात सूक्ष्म अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी ग्राहकाचा साधा प्रश्न मांडला: खिशात ठरावीक पैसे, बाजारात दोन वस्तू, समाधान जास्तीत जास्त कसं मिळवायचं? बी.ए.ला याच प्रश्नावर मी समवृत्ती वक्राची (सारखंच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्या जोडणाऱ्या रेषेची) सुबक आकृती काढून चांगले गुण मिळवले होते. सरांनी आकृती काढलीच नाही. त्यांनी लॅग्रांजची पद्धत (मर्यादेत राहून कमाल काढायची गणिती रीत) लिहिली, अंशतः अवकलन केलं, म्हणजे बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट जराशी बदलली तर काय होतं ते काढलं, आणि शेवटी म्हणाले, "हा जो लॅम्डा आला, तो म्हणजे आणखी एक रुपया मिळाला तर समाधान किती वाढेल." किती सुंदर गोष्ट होती ती! पण मला ती तेव्हा कळली नाही, कारण मी पहिल्या ओळीवरच अडकले होते. शेजारची मुलगी पुढचं पान उलटत होती.

मराठी साहित्याने मला लिहायला शिकवलं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की अर्थशास्त्राच्या वाटेवर पुढे गणित येणार आहे, हे पहिल्या दिवशी मला कोणी सांगितलं नाही. म्हणून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, विशेषतः कला शाखेतून, मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी.

आता नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा आहे. मुख्य विषय म्हणजे मेजर, सोबत मायनर म्हणजे दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला आवडीचा पेपर, कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, पुढे क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. यादी बघूनच मुलं गोंधळतात. ती समजून घ्यायची सोपी रीत सांगते. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गाचे १५ तास. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास. सत्राला वीस-बावीस क्रेडिट धरले तर आठवड्याला तितकेच तास वर्गात जातात. उरलेल्या वेळेतला मोठा वाटा मेजरला आणि गणिताला द्या. दोन क्रेडिटचे पेपर मन लावून ऐका, वेळेवर टिपणं काढा आणि तेवढ्यावर थांबा. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने पूर्ण सत्र एका दोन क्रेडिटच्या पेपरचं रंगीत सादरीकरण करण्यात घालवलं आणि सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर राहिला.

मायनर मात्र विचार करून घ्या. कॉलेजात गणित किंवा संख्याशास्त्र मायनर म्हणून मिळत असेल तर ते घ्या, भीती वाटत असली तरी. मिळत नसेल तर ओपन इलेक्टिव्हमध्ये बघा, तिथेही नसेल तर केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या स्वयंम पोर्टलवर बघा. तिथले क्रेडिट आपल्या कॉलेजात धरले जातील का, हे मात्र आधी लेखी विचारून घ्या. तोंडी "हो हो, होऊन जाईल" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. माझ्या एका मैत्रिणीचं पूर्ण सत्राचं काम असं वाया गेलं.

गणित म्हणजे नेमकं किती, हाही प्रश्न असतो. फार नाही. पण ज्या क्रमाने लागतं त्या क्रमाने यायला हवं. आधी फलन आणि आलेख, म्हणजे सरळ रेषेचा चढ म्हणजे काय, हे डोळ्यांना दिसायला हवं. मग अवकलन, कारण 'सीमान्त' हा शब्द जिथे जिथे येतो (सीमान्त खर्च, सीमान्त उपयोगिता, सीमान्त महसूल) तिथे मुळात अवकलनच असतं. मग कमाल-किमान काढणं, मग थोडे मॅट्रिक्स. संख्याशास्त्रात सरासरी, विचरण (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते), सहसंबंध, संभाव्यता, नमुना, गृहीतकाची चाचणी आणि शेवटी रिग्रेशन, म्हणजे एक गोष्ट दुसरीबरोबर किती बदलते ते आकड्यांतून मांडणं. तिसऱ्या वर्षी अर्थमिती (अर्थशास्त्रातले संबंध आकड्यांवर तपासायचा विषय) आली की मुलं रिग्रेशनची सूत्रं पाठ करतात. पण रिग्रेशन विचरणावर उभं आहे आणि त्याचा निकाल वाचायचा तर गृहीतकाची चाचणी यावी लागते. खालची वीट नसेल तर वरची बसत नाही.

मी हे सगळं उलट्या क्रमाने, एम.ए.च्या पहिल्या उन्हाळ्यात, काटोलच्या घरी बसून शिकले. बालभारतीचं अकरावीचं गणिताचं पुस्तक घेतलं. रोज पहाटे ऊन चढायच्या आत दीड तास. एका दिवशी एकच प्रकार, पण त्यातली सगळी उदाहरणं हाताने सोडवायची. उत्तर बघून "कळलं" म्हणायचं नाही. पहिले दोन आठवडे रडू यायचं. पाचव्या आठवड्यात कधीतरी लॅम्डाचा अर्थ आपोआप समोर आला आणि मी आईला स्वयंपाकघरात जाऊन तो समजावून सांगितला. तुम्ही हेच पहिल्या सत्राच्या आधीच्या सुट्टीत केलंत तर रोज चाळीस मिनिटं पुरतील.

भाषेचंही बोलायला हवं. मराठी माध्यमाच्या मुलांना एकाच गोष्टीची दोन-तीन नावं भेटतात. एका पुस्तकात समवृत्ती वक्र, दुसऱ्यात तटस्थता वक्र, आणि पुढे गेलं की इंडिफरन्स कर्व्ह. वही करा. डावीकडे मराठी शब्द, मधे इंग्रजी, उजवीकडे तुमच्या शब्दांत एक ओळ. दुसरं म्हणजे राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी निघते, मराठीत आणि इंग्रजीतही. शेतीचं प्रकरण दोन्ही भाषांत शेजारी उघडून वाचा. आकडे तेच, तक्ते तेच, त्यामुळे इंग्रजी वाक्य अडलं तरी अर्थ हातातून सुटत नाही. माझं इंग्रजी कोणत्याही स्पोकन क्लासपेक्षा या वाचनाने सुधारलं. मराठीतून पेपर लिहिण्यात काहीही कमीपणा नाही, पण दुसऱ्या वर्षापासून वाचन दोन्हीत हवं.

आणि हे शहर वापरा. नागपुरात अर्थशास्त्र शिकणाऱ्याला उदाहरणं शोधायला पुस्तकात जावं लागत नाही. बाबांची संत्र्याची बाग आहे, तरी पुरवठ्याची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की पुरवठा किती बदलतो, ती मला कळमनाच्या घाऊक बाजारात उभं राहून कळली. संत्र्याचे दोन बहार: आंबिया बहाराचा माल हिवाळ्याच्या तोंडाशी येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. फूल धरल्यापासून फळ हाती यायला आठ-नऊ महिने जातात. आज भाव चढला म्हणून आज जास्त संत्री येत नाहीत आणि पडला म्हणून झाडावरची थांबत नाहीत. नवी कलमं लावली तर ती फळाला यायला वर्षं जातात. अल्पकाळ आणि दीर्घकाळ यातला फरक तो हाच. आमच्याकडे बरेच शेतकरी माल झाडावर असतानाच व्यापाऱ्याला देऊन टाकतात. मी लहानपणी याला बाबांचा घाटा समजायचे. अनिश्चिततेचं प्रकरण शिकले तेव्हा उमगलं की बाबा कमी भाव घेऊन गारपिटीची आणि पडत्या भावाची जोखीम व्यापाऱ्याच्या अंगावर टाकत होते. तो भाव योग्य होता का, हा वेगळा प्रश्न. पण तो आता मला विचारता येतो.

आंतरराष्ट्रीय व्यापाराचा पेपर आला की बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं तेव्हा वरुड, मोर्शी, काटोलच्या मालाचं काय झालं, ते मांडून बघा. शुल्काचा बोजा घेणाऱ्यावर किती, पिकवणाऱ्यावर किती, ही आकृती मग पाठ करावी लागत नाही. समग्रलक्ष्यी अर्थशास्त्रासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीवरून रोज जाताच. सहा सदस्यांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो) ठरवते आणि महागाईचं लक्ष्य ४ टक्के, वर-खाली २ टक्के, असं आहे. प्रत्येक निवेदनानंतर अर्धं पान लिहा: दर का बदलला, किंवा का नाही. तीन वर्षांत अशी अठरा टिपणं होतात. विकासाच्या पेपरला तर आपल्याकडे 'अनुशेष' हा शब्दच आहे, म्हणजे राज्याच्या इतर भागांच्या तुलनेत विकासात राहिलेली तूट. १९५३ चा नागपूर करार, १९८४ ची दांडेकर समिती, २०१३ ची केळकर समिती, एवढा धागा धरून वाचलंत तर प्रादेशिक असमतोल कसा मोजायचा, यावरच किती वाद होऊ शकतो ते दिसेल.

क्षेत्रीय प्रकल्पाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बी.ए.मध्ये मी खरं अर्थशास्त्र तिथे शिकले. आमच्या वेळी तो अंतर्गत गुणांपुरता छोटासा होता. बरेच जण आधीच्या वर्षीचा अहवाल उतरवून द्यायचे. मी गोकुळपेठ बाजारातल्या तीस भाजीविक्रेत्यांना भेटायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी विचारलं, "महिन्याला किती कमावता?" एका मावशीने माझ्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या म्हणाल्या, "तू महापालिकेतून आली का?" तिसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. "आज किती माल आणला? किती उरला? उरलेल्याचं काय करता?" मग सगळ्या बोलायला लागल्या. कमाईचा आकडा कोणाच्या डोक्यात तयार नसतो, पण आज किती किलो वांगी उरली ते पक्कं माहीत असतं. उसनवारीचंही तसंच. "कर्ज आहे का?" म्हटलं की "नाही". "सकाळी माल उचलायला पैसे कुठून आणता?" म्हटलं की अर्ध्या जणींनी सांगितलं, सकाळी घेते, संध्याकाळी परत करते. रोजच्या त्या व्याजाला त्या व्याज म्हणतच नव्हत्या.

दुसरी चूक मोठी होती आणि ती मला अहवाल लिहिताना दिसली. मी रोज सकाळी अकराला जायचे, कारण तेव्हा तास नसायचा. त्यामुळे फक्त दिवसभर बसणारे विक्रेते माझ्या यादीत आले. संध्याकाळी घरकाम आटोपून दोन तास टोपली घेऊन बसणाऱ्या बायका एकही नव्हत्या, आणि नेमक्या त्यांचीच कमाई सगळ्यात कमी होती. माझी सरासरी खोटी नव्हती, पण ती बाजाराची सरासरी नव्हती. नमुना निवडीतली चूक हा शब्द मी आधी पाठ केला होता. त्या दिवसापासून कोणताही आकडा दिसला की माझा पहिला प्रश्न असतो, हे विचारायला कोण गेलं होतं आणि किती वाजता? आज मी सर्वेक्षणाच्या आकड्यांचंच काम करते, आणि त्या कामाचं मूळ त्या वहीत आहे.

तेव्हा प्रकल्प उतरवू नका. विषय छोटा घ्या, माणसं कमी घ्या, पण स्वतः जा, वेगवेगळ्या वेळी जा. आकडे एक्सेलमध्ये स्वतः भरा.

परीक्षेचं फार सांगत नाही. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका दिवाळीच्या सुट्टीत एकदा सोडवा, आकृतीला नावं द्या, अक्षांवर काय आहे ते लिहा. गाईड शेवटच्या आठवड्यात उजळणीला चालेल, पहिल्या आठवड्यात हातात घेतलंत तर मूळ पुस्तक कधीच उघडणार नाही.

पुढच्या वाटा मात्र दुसऱ्या वर्षीच बघून ठेवा. एम.ए. करायचं तर बऱ्याच विद्यापीठांना सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा लागते. आयआयटीच्या जॅम या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत अर्थशास्त्राचा पेपर आहे. पुण्याची गोखले संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेने उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. काही ठिकाणी बारावीचं किंवा पदवीचं गणित मागतात, म्हणून माहितीपत्रक शेवटच्या वर्षी उघडून उपयोग नाही. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा यूपीएससी घेते आणि तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, नुसत्या बी.ए.वर बसता येत नाही. हे आमच्या वर्गातल्या दोघांना तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं. चौथं वर्ष करायचं का, असंही मुलं विचारतात. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या विभागात संशोधनाला वेळ देणारे शिक्षक असतील तर थांबा, नसतील तर तीन वर्षांनी चांगल्या ठिकाणी दोन वर्षांच्या एम.ए.ला जा.

माझ्या मावसबहिणीने गेल्या वर्षी प्रवेश घेतला. घरच्यांचा विरोध होता, "कलेच्या पोरीला गणित कशाला," तरी तिने संख्याशास्त्र मायनर घेतलं. पहिल्या सत्रात कसेबसे पास होण्यापुरते गुण पडले, दुसऱ्यात बरे. परवा रात्री तिचा फोन आला. विचरण काढताना नमुना असेल तर एकूण संख्येतून एक वजा करून का भागायचं, असं विचारत होती. मी तिसऱ्या वर्षी हे सूत्र पाठ केलं होतं, का म्हणून कधी विचारलंच नव्हतं. तासभर आम्ही त्यावर बोललो. दुसऱ्या दिवशी मी तिला गोकुळपेठेतल्या त्या तीस विक्रेत्यांची वही पाठवली. आधी तिसातून पाच-पाच जणींच्या चिठ्ठ्या काढून दोन्ही रीतींनी विचरण काढ, म्हटलं, आणि मग संध्याकाळच्या बायकांना भेटायला जा.