मिस्टरी शॉपिंगची एजन्सी काढताय? कायद्याची बाजू अशी सांभाळा

मिस्टरी शॉपिंग म्हणजे एजन्सीच्या ‘शॉपर’ने साध्या ग्राहकासारखं दुकानात, बँकेत किंवा हॉटेलात जायचं, सेवा कशी मिळते ते पाहायचं आणि काम देणाऱ्या क्लायंट कंपनीला अहवाल द्यायचा. त्यासाठी भारतात वेगळा कायदा नाही आणि खास परवानाही लागत नाही. खासगी गुप्तहेर संस्थांसाठी २००७ साली विधेयक आलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. ‘परवाना नको, मग काय अडचण?’ असं समजून लोक काम सुरू करतात आणि भलत्याच कायद्यात अडकतात.

पहिल्या व्हिजिटच्या आधी क्लायंटकडून लेखी घ्या की अहवाल नेमका कशासाठी वापरणार. प्रशिक्षणासाठी असेल तर कर्मचाऱ्याचं नाव लागतच नाही, ‘काउंटर ३, संध्याकाळी ६.१०’ एवढं पुरतं. कारवाईसाठी असेल तर सगळंच बदलतं. नुसत्या अहवालावर कामगाराला काढलं, तर तो निर्णय न्यायालयात टिकणं अवघड असतं. आरोपपत्र, चौकशी, उलटतपासणी हे सगळं लागतं आणि शॉपरला साक्षीला उभं राहावं लागू शकतं. त्याला हे काम देतानाच सांगा. अशा व्हिजिट होतात हे कर्मचाऱ्यांना कळवल्याचं परिपत्रक किंवा नेमणूकपत्रातलं कलम क्लायंटकडून मागून घ्या. तारीख गुप्त ठेवा, पद्धत गुप्त ठेवू नका. हे परिपत्रक नसेल तर काम न घेतलेलं बरं.

रेकॉर्डिंगमध्ये सर्वाधिक चुका होतात. शॉपरने स्वतः भाग घेतलेलं संभाषणच टिपावं. फोन काउंटरवर चालू ठेवून बाजूला गेलात, तर दुसऱ्यांचं बोलणं चोरून टिपल्यासारखं होतं. ट्रायल रूम आणि स्वच्छतागृहाच्या दारापाशीच कॅमेरा पूर्ण बंद करा, लेन्स झाकून भागणार नाही. तिथल्या चित्रणावर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई लागू शकतं.

फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून मागवू नका. ती कॉम्प्रेस होऊन लहान होते, तिचा हॅश (फाइलवरून निघणारा, तिच्या ठशासारखा कोड) बदलतो आणि मूळ फाइलशी मेळ बसत नाही. केबलने मूळ फाइल उतरवून घ्या, त्याच दिवशी एसएचए-२५६ पद्धतीने हॅश काढा आणि फोनचं मॉडेल व आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) नोंदवा. अशी फाइल न्यायालयात पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हाच तपशील भरावा लागतो. चेहरा आणि आवाज हा वैयक्तिक डेटा आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा लक्षात घेऊन फाइल कधी पुसणार, ती तारीख करारातच लिहा.

शॉपरने कोणती मर्यादा ओलांडायची नाही, हे त्याला दिलेल्या सूचनांत (ब्रीफमध्ये) स्पष्ट हवं. बँकेत माहिती विचारावी, पण खोटं नाव, पॅन किंवा आधार देऊन अर्जावर सही करू नये. औषधाच्या दुकानात बनावट चिठ्ठी कधीच नाही. महाराष्ट्रात मद्यासाठी पिण्याचा परवाना लागतो. बिअरसाठी वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ हवं, म्हणून ‘वय तपासतात का’ हे पाहायला कमी वयाचा शॉपर पाठवू नका. हॉटेलातलं अन्न अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली तपासायला द्यायचं असेल, तर तसा हेतू विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो. म्हणजे ओळख तिथेच उघड होते, त्यामुळे चव-सेवेची व्हिजिट आणि नमुना घेणं वेगवेगळ्या दिवशी ठेवा.

शॉपरच्या करारात मानधन आणि खरेदीचा परतावा वेगळे लिहा. टीडीएस लागू होत असेल आणि शॉपरने पॅन दिला नसेल, तर तो २० टक्क्यांनी कापावा लागतो. ‘करार संपल्यावर दोन वर्षं दुसऱ्या एजन्सीचं काम करायचं नाही’ ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे निरर्थक ठरते. गोपनीयतेची अट मात्र टिकते, ती नीट लिहा.

वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. सेवेवर १८ टक्के कर बसतो. शॉपरच्या बिलांची रक्कम फीमध्ये मिसळली तर तिच्यावरही कर लागतो आणि तो दरात धरलेला नसेल तर एजन्सीच्या खिशातून जातो. ‘प्युअर एजंट’ला, म्हणजे क्लायंटच्या वतीने खर्च करून तेवढीच रक्कम परत घेणाऱ्याला, त्या रकमेवर कर लागत नाही; त्याच्या अटी पूर्ण होतात का, हे सीएकडून आधीच तपासून घ्या.

पैसे देऊन केलेल्या व्हिजिटनंतर शॉपरने त्या दुकानाला ऑनलाइन तारे देऊ नयेत, तो खरा ग्राहक-अभिप्राय नव्हे. आणि शॉपरकडून नोंदणी शुल्क किंवा अनामत घेऊ नका. पैसे आधी मागणं ही भामट्यांची खूण आहे. कोणी तुमच्या नावाने तसं मागत असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि सगळ्या शॉपरना त्याच दिवशी कळवा.