वाकळ असो की क्रॉस स्टिच, या चुका टाळा

टाके जरा वाकडे आले म्हणून वाकळ, म्हणजे गोधडी, वाया गेली, असं सहसा होत नाही. दोन धुण्यांत ते बसून जातात आणि पांघरल्यावर कुणी मोजत नाही. काम नासतं ते एक तर पहिला टाका घालायच्या आधी, नाही तर मध्येच उठून ते बाजूला ठेवताना. घरात शिवणाऱ्या बाईला सलग चार तास कोण देतंय? कुकरच्या शिट्ट्या, दारात गॅसवाला, पोरांची शाळेची रिक्षा, यांच्या फटीत जे होईल ते होतं. अशा वेळी नवीन शिकणाऱ्या बहुतेकजणी तयारीचा वेळ कापतात आणि टाक्यांना देतात. तिथेच फसतं.

कोरं आणि जुनं एकत्र, तेही न धुता

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि तरी दर वर्षी बघायला मिळते. पूर्वी हा प्रश्न फारसा यायचा नाही, कारण आतबाहेर सगळं वापरलेलंच कापड असायचं. लुगडं, धोतर, साडी. आटायचं तेवढं आटलेलं, रंग जायचा तेवढा गेलेला. आता वरची बाजू देखणी हवी म्हणून कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून नाही तर शहरातल्या महाद्वार रोडवरून कोरं सुती कापड येतं आणि आत घरातली जुनी धोतरं जातात. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. ९० इंच लांबीला ४ टक्के धरले तर साडेतीन इंचांच्या वर. आतलं धोतर मात्र होतं तेवढंच राहतं.

बारशासाठी केलेल्या एका वाकळेचं काय झालं ते बघा. वर कोरं लालभडक कापड, आत धोतराचे दोन थर, खाली फिकट लुगडं, कडेला पांढरा गोट. पाऊण पाऊण इंचावर धावदोरा, सगळा हाताचा आणि खरोखर सुबक. घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात, त्यात तीही निघाली. गरम पाणी, धुण्याची पावडर, रात्रभर भिजत. सकाळी बादलीतलं पाणी लाल. घाबरून तशीच पिळली आणि गच्चीवर कडक उन्हात टाकली. वाळली तेव्हा गोट गुलाबी झालेला, लुगड्यावर ढगासारखे डाग, लाल कापड आटल्याने प्रत्येक ओळीपाशी चुण्या आणि चारही कडा आत वळलेल्या. टाक्यांपैकी एकही उसवला नव्हता. त्यांचा उपयोगही राहिला नव्हता.

यातली एकेक चूक वेगळी झाली असती तर वाकळ वाचली असती. कोरं कापड आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी साबणाने धुवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कापा. लाल, मरून, गडद निळा आणि काळा असेल तर हे दोनदा करा. मग रंग तपासा: कापडाचा कोपरा ओला करायचा, पांढऱ्या सुती रुमालाच्या घडीत ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री १०-१५ सेकंद दाबायची. रुमालावर रंग उतरला तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी घालायचं नाही. कितीही आवडलेलं असो.

मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, हे सगळीकडे ऐकायला मिळतं. दुकानातून आणलेल्या रंगीत कापडाचा रंग घरच्या मिठाने किंवा व्हिनेगरने पक्का होत नाही. भिजवल्यामुळे वरवरचा जादा रंग निघून जातो, श्रेय मिठाला मिळतं.

आणि एवढं करूनही धुताना रंग सुटलाच, तर वाकळ वाळू द्यायची नाही. रंग वाळला की काढणं अवघड. मोठ्या टबात भरपूर गार पाणी घ्या, वाकळ पूर्ण बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच. कंटाळवाणं आहे, पण करायलाच हवं.

सिंथेटिक साडी आत घालू नका. ती आटत नाही, घसरते आणि घाम टिपत नाही. जरीचे काठही आधी काढून टाका, ते टोचतात आणि शेजारचं मऊ कापड कातरतात.

थर लावण्याची घाई

नऊवारी लुगडं चार घड्यांत घातलं की चार थरांची साधारण ८१ इंच लांब वाकळ होते. रुंदी कापडाच्या पन्ह्याइतकी. हे गणित सोपं आहे, म्हणून लोक घडी घालून लगेच कडेने शिवायला बसतात. कडेने फेर घेत आत यायची आपली रीत चांगलीच आहे, पण तिच्यात सैल कापड ओळीगणिक आत ढकललं जातं आणि शेवटी मधोमध फुगा येतो. त्या फुग्यावर मग चुण्या दाबून शिवतात आणि म्हणतात, चालतंय.

फुगा टाळायचा तर कच्चे टाके मधून बाहेर घालायचे. फरशी पुसून खालचा थर ताणून पसरा, चार कोपऱ्यांना वरवंटा, खलबत्ता, पाण्याचे तांबे, जे असेल ते वजन ठेवा. एकेक थर अंथरताना मधून कडेकडे तळहाताने हवा काढा. मग मध्यापासून चारही बाजूंना आणि चारही कोपऱ्यांकडे लांब कच्चे टाके, आणि नंतर आडवे-उभे, वीतभर अंतराने. टाका दोन-अडीच इंचांचा चालतो. एवढ्याला दीड-दोन तास लागतात आणि हेच तास सगळ्यांना वाचवायचे असतात. नुसत्या टाचण्यांवर भागवू नका. घरात वाकळ रोज उचलून ठेवावी लागते, त्यात टाचण्या गळतात आणि लहान पोरं त्याच फरशीवर रांगत असतात. काम संपल्यावर जुन्या स्पीकरमधलं चुंबक सगळ्या वाकळेवरून दोन्ही बाजूंनी फिरवा. आत अडकलेली सुई अशीच सापडते.

दोरा जाड सुती घ्या. जुन्या मऊ कापडावर पॉलिस्टरचा चिवट दोरा घातला तर ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड फाटतं. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो.

मशीनवर शिवणाऱ्यांसाठी एवढंच: खालचे दाते खालचा थर ओढतात, वरचा मागे राहतो, म्हणून ओळीच्या शेवटी वरच्या कापडाची चुणी जमते. पायाचा दाब कमी करा, टाका ३ ते ३.५ मिलिमीटर ठेवा, सुई १६ नंबरची घाला आणि सगळ्या ओळी एकाच बाजूने ओढत बसू नका. सहा थरांवर ११ नंबरची सुई मोडते, आणि मोडलेलं टोक आत राहतं.

अर्ध्या सुताची चोरी

तुकडे जोडून वरची बाजू करायची असेल तर शिवणीला पाव इंच, म्हणजे दोन सूत सोडायचं. अंदाजाने शिवणाऱ्या हाताचं दोनचं अडीच होतं. अर्धं सूत काय एवढं, असं वाटतं. पण प्रत्येक शिवणीत ते दोन्ही तुकड्यांतून जातं, म्हणजे शिवणीला एक सूत. एका ओळीत १२ तुकडे असतील तर ११ शिवणी, ११ सूत, जवळजवळ १ इंच ३ सूत. शेजारची ओळ दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या घाईत शिवलेली असते, ती बरोबर दोन सुताची येते, आणि दोन ओळी जुळेनात. मग ओढून जुळवायचा खेळ सुरू होतो.

मशीनच्या पट्टीवर सुईपासून दोन सूत मोजून चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला टेकवून चालवा. हाताने शिवत असाल तर प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने रेघ. पहिले तीन तुकडे जोडले की मोजा. ४ इंचाचे कापलेले तीन तुकडे जोडल्यावर बरोबर ११ इंच भरायला हवेत. नाही भरले तर पुढे जाऊ नका.

टेलरकडच्या चिंध्या फुकट मिळतात, म्हणून त्या पोतंभर आणतात. त्यात बऱ्याच उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या असतात. उरेब कड ताणली की वाढते आणि चौकोन शंकरपाळ्याकडे झुकतो. चिंधी हातात घेऊन उभी-आडवी ओढून बघा, जिकडे ताणत नाही तिकडून कापा.

क्रॉस स्टिच: आधी कापड मोजा, मग नक्षी निवडा

मॅटी, म्हणजे फुलीच्या टाक्यांसाठीचं चौकोनी घरांचं कापड, मागितली की दुकानदार हाताला येईल ती फाडून देतो. इंचात किती घरं, हे विचारायचं काम आपलं. विश्वास नसेल तर पट्टी लावून एका इंचातली घरं मोजा. नक्षी ११२ घरं रुंद आणि १४० उंच असेल तर १४ घरांच्या कापडावर ती ८ बाय १० इंच बसते. तीच ११ घरांच्या कापडावर साधारण सव्वादहा बाय पावणेतेरा होते. चारही बाजूंना ३ इंच मोकळं हवंच, नाही तर फ्रेमवाला कापड ताणू शकत नाही. म्हणजे पहिल्या कापडासाठी १४ बाय १६ इंच, दुसऱ्यासाठी किमान सव्वासोळा बाय पावणेएकोणीस. हे न मोजता डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू केलेल्या मोरांचे पिसारे कापडाबाहेर जातात. कापडाची चौघडी घालून मध्य काढा, नक्षीचा मध्य काढा, तिथून सुरू करा.

दुसरी चूक मोजणीची, आणि ही जास्त छळते. वेलीची चौकट असलेलं एक मोठं काम, तीन बाजू पूर्ण फिरून चौथी पहिलीला भेटायला आली आणि एक घर कमी पडलं. चूक कुठे? दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला, जिथे फोन आला म्हणून काम खाली ठेवलं होतं. पुढच्या शेकडो फुल्या अचूक होत्या, सगळ्या एक घर सरकून. उसवण्याशिवाय इलाज नव्हता, कारण चौकट आणि चेहरा या दोन ठिकाणी चूक लपत नाही. पानाफुलांत एक घर इकडेतिकडे झालं तर खुशाल पुढे जा. उसवताना दोरा मागून दर तीन-चार टाक्यांवर कापा आणि चिमट्याने तुकडे काढा. लांब दोरा उलटा ओढलात तर कापडाची भोकं मोठी होतात. निघालेला दोरा परत वापरू नका, त्याची तार पिंजलेली असते.

यावर उपाय म्हणून सुरुवातीलाच दर १० घरांवर आडव्या-उभ्या रेघा घालाव्यात. पेनने नको, पाण्याने जाणाऱ्या पेनाची रेघसुद्धा इस्त्री लागली की पक्की बसते. मासेमारीच्या सामानात मिळणारी बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनची तार, घ्या. साध्या दोऱ्यात सुई घुसते आणि शेवटी तो ओढताना टाके उचकटतात. तंगुशीत सुई घुसत नाही, ती सरळ सुटून येते. मोठ्या कापडाला या रेघा घालण्यात एक दुपार जाते. ज्यांना ती दुपार वाया गेल्यासारखी वाटते, त्यांनी छापील नक्षीचं कापड घ्यावं.

उठताना

कुकरची शिट्टी झाली तरी हातातली दहाची ओळ पुरी करा, नक्षीच्या कागदावर पेन्सिलीने तेवढी घरं खोडा, मगच उठा. गॅस बंद करायला अर्धा मिनिट उशीर चालतो. सुई कामात नाही, कडेच्या मोकळ्या कापडात खोचायची, आणि पावसाळ्यात तिथेही नाही. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या दमट हवेत सुईला गंज चढतो आणि कापडावर तपकिरी ठिपका राहतो. पांढऱ्या कोऱ्या कापडावरचा ठिपका लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवला की जातो, पण शेजारी रंगीत दोरा असेल तर त्याचाही रंग उडतो. कापड ताणून धरणारी रिंग रोज काढून ठेवा. महिनाभर तशीच राहिलेल्या रिंगेचा गोल धुऊनही दिसतो.

कापडाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक लाल टाका घालून ठेवा. काम परत हातात घेताना तो वर उजवीकडेच आला पाहिजे. नाही तर कापड आडवं धरलं जातं, वरचा तिरका टाका उलट्या दिशेने पडतो आणि उजेडात तेवढा पट्टा वेगळा चमकतो.

दोरा हातभर, म्हणजे १८ इंचच कापा. लांब घेतला की ओवायचा वेळ वाचतो, गुंता सोडवण्यात दुप्पट जातो. लडीत सहा तारा असतात. १४ घरांच्या कापडाला दोन आणि ११ ला तीन पुरतात. त्या एकेक करून ओढा, मग जुळवा. मागे गाठ नको, फ्रेममध्ये ती फुगते. वाकळेत मात्र गाठ हवी, थरांच्या मध्ये लपवलेली. दोन जवळचे हिरवे ट्यूबलाइटखाली निवडू नका. पार्श्वभूमीच्या रंगाच्या लड्या सगळ्या एकदम आणा. आठ मीटरच्या एका लडीत १४ घरांच्या कापडावर साधारण दीड ते दोन हजार फुल्या होतात, आणि नंतर आणलेली त्याच नंबरची लडी किंचित वेगळी निघू शकते.

स्वयंपाकघरातून आलेल्या हाताचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. साबणातल्या खाराने हळद रंग बदलते, डाग वाढलेला नसतो. गार पाण्याने साबण काढा आणि तेवढाच भाग ओला असताना उन्हात धरा, हळद उन्हात उडते. तांबड्या रश्श्याचा डाग असेल तर आधी भांड्यांच्या साबणाचा थेंब लावून तेल काढा, रंगाचं नंतर बघू.

फ्रेमवाल्याला कापड पुठ्ठ्यावर चिकटवू देऊ नका, गोंद काही वर्षांत पिवळा पडून वर येतो. पुठ्ठ्यामागून दोऱ्याने आडवं-उभं ओढून बांधायला सांगा. तो कुरकुर करेल. मग घरीच बांधून न्या आणि काच टाक्यांना टेकणार नाही एवढी जागा सोडायला सांगा.